आठव्या गोलावरची अर्धी फुली

“काका, स्विचबोर्डातून पाणी येतंय आणि तुम्ही म्हणता भिंत चोख आहे?” मॅडम दारातच तडकल्या.

बोर्डाखाली त्यांच्या सासऱ्यांची खाट. म्हातारा अंथरुणाला खिळलेला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिलेली त्याची हवेची गादी त्याच बोर्डावर चालायची. आता सगळ्या खोलीची लाईट बंद केलेली.

मी म्हणालो, “फिरोजने पॅनल लावताना भोकं पाडली, तिथून येत असंल. माझी भिंत गळत नाय.”

फिरोज क्लॅडिंगवाला. तो म्हणाला, “बाबा, माझ्यावर ढकलू नका. उघडतो, तुम्हीच बघा.”

क्लॅडिंग म्हणजे बाहेरच्या भिंतीवर शोभेला लावतात ते पॅनल. लोकांना वाटतं पाणी तेच अडवतात. नाय. अडवते मागची भिंत. म्हणून आधी तिच्या चिरा भरायच्या, वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारायचे. नाशकात हे काम मी आणि माझी बायको शांता, दोघांनी पस्तीस वर्षं केलं. तिच्याकडं सुताराची लाल पेन्सिल. चीर दिसली की गोल. भरली की गोलावर फुली. “फुली नाय तर कोट नाय,” असा मलाच दम द्यायची.

या बंगल्यावर उत्तरेची भिंत मी घेतली, पश्चिमेची तिने. त्र्यंबककडचा पाऊस पश्चिमेवरच मारतो, म्हणून ती भिंत ती माझ्या हातात देतच नसे. त्या दिवशी काम करून घरी आलो. सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

पाचव्या दिवशी फिरोजचा फोन आला होता. “बाबा, विचारायला वाईट वाटतं. पश्चिमेची भिंत झाली का? पॅनल लावू?”

मी म्हणालो, “शांताने घेतली होती ना? मग झालीच. लाव.”

माझ्या शब्दावर त्याने पोरं पाठवून पॅनल लावले होते. आता ते उतरवले. मी बघतच राहिलो. कोटच नव्हता. भिंतभर लाल गोल. खालच्या सात गोलांवर फुल्या. आठव्यावर एकच रेघ, तीही खाली घसरत गेलेली. वरचे सगळे गोल मोकळे, चिरा आ वासून.

तिथंच बसलो. तिला भिंतीवरच दुखायला लागलं होतं. मी पलीकडच्या बाजूला, वीस पावलांवर. घरी जाताना म्हणाली होती, “आज लय दमले.” मी म्हणालो, “वय झालं आता.” एवढंच.

मॅडमला म्हणालो, “चूक माझी हाय. फिरोजची नाय.” त्यांनी पाणी आणून दिलं.

चार दिवस उघडीप मिळाली. सगळ्या चिरा भरल्या, फुल्या मारल्या. आठव्या गोलावर दुसरी रेघ मी ओढली. मग दोन हात मारले. वाळल्यावर तासभर पाईपने पाणी मारलं. बोर्ड कोरडा. म्हाताऱ्याची गादी सुरू झाली.

घरात बसून फोनवर “झालीच” म्हणायचं नाही. उठायचं, जायचं, बघायचं. त्या दिवशीही वीस पावलं जाऊन बघायला पाहिजे होतं.