जॉर्जच्या हातचं पाणी

देवगडच्या बंदरात आगबोट किनाऱ्यापासून लांब उभी होती आणि तिच्यापर्यंत नेणारा पडाव लाटांवर हलत होता. गुडघाभर पाण्यात उभं राहून माझं गाठोडं वर देताना बाबा म्हणाले, "तुजो हात डोक्याच्या आदी चालता. मुंबयत तो कामाक लाव, माणसाक लावू नको." आई किनाऱ्यावरच थांबली होती. धाकट्या, तू तेव्हा तिच्या कडेवर होतास, तुला आठवायचं कारण नाही. आता तू शाळेत जातोस, म्हणून हे तुला लिहितो आहे. आईला वाचून दाखव.

बाबांचं म्हणणं मी वर्षभर पाळलं. लालबागच्या एका गिरणीत साच्यावर लागलो, मान खाली घालून कापड विणत होतो. मग एक दिवस मुकादमाने आईवरून शिवी दिली. त्याचे पुढचे दात पडले आणि मला सहा महिने सक्तमजुरी पडली.

तुरुंगाचं दार एकच होतं, आत गेल्यावर वाट फुटायची. एका अंगाला गोऱ्यांची बाजू. तिथे खाट, गादी, पाव, मटण, सकाळचा चहा. दुसऱ्या अंगाला आम्ही. आम्हाला फरशी, एक कांबळं, दाताखाली वाळू कचकचणारी भाकर आणि दिवसभर खडी फोडायची. कायदा एकच, न्यायाधीश एकच, गुन्हाही पुष्कळदा तोच. मला चीड यायची, पण नवल वाटत नव्हतं. नवल वाटलं ते जॉर्ज आला तेव्हा.

जॉर्ज अमेरिकेच्या एका जहाजावरचा खलाशी. रंगाने काळा, म्हणून सगळी बराक त्याला शिद्दी म्हणायची. गोदीजवळच्या दारूच्या दुकानात त्याच्याच जहाजावरच्या एका गोऱ्याशी त्याची मारामारी झाली, दोघांना सारखीच सजा झाली आणि एकाच गाडीतून दोघांना तुरुंगात आणलं. गोरा आपल्या बाजूला गेला. जॉर्जही त्याच्यामागून निघाला, कारण तोही पाटलोण घालणारा, पाव खाणारा, ख्रिस्ती. जेलरने त्याला एकदा खालून वर पाहिलं आणि आमच्याकडे बोट दाखवलं.

बंदरोबंदरी फिरून त्याला मोडकीतोडकी हिंदुस्थानी येत होती. खडी फोडता फोडता तो आपल्या मुलखाचं सांगायचा. तिकडे गुलामगिरी कायद्याने संपली, पण तुरुंगात शिल्लक राहिली. काळा माणूस कामाशिवाय रस्त्यात दिसला तरी त्याला धरायचं, मग मळेवाल्यांना नाहीतर खाणवाल्यांना भाड्याने द्यायचं. "मेरा भाई ऐसा ही मरा," तो म्हणाला. "पाँव में साखळी, कपास के खेत में." आपल्याकडे भाड्याने दिलेला बैल मेला तर मालक निदान जाब विचारतो. त्याच्या भावाचा जाब कुणी विचारला नाही. कापसाच्या सुतावर पोट भरणारा मी.

आणि आमची बराक? तिथे साहेब नव्हता, पण ओळी होत्याच. कुणी कुणाशेजारी बसायचं, कुणाच्या हातचं पाणी चालायचं, हे आम्ही घरून बरोबर आणलं होतं. जॉर्जला सगळ्यांच्या शेवटी, संडास साफ करणाऱ्या कैद्यांच्याही पलीकडे, मोरीपाशी जागा मिळाली.

मग एका रविवारी मला पटकी झाली. ओकाऱ्या, जुलाब, पायांत गोळे. डॉक्टर गोऱ्यांच्या बाजूला होता. जॉर्जशी भांडलेल्या त्या खलाशाचा दात दुखत होता. वॉर्डर म्हणाला, हा सोंग करतोय. माझ्या जातीचे, माझ्या तालुक्याचे लोक आपापली कांबळी उचलून लांबच्या भिंतीला जाऊन बसले. त्यांना दोष देत नाही, पटकीला कोण भीत नाही? जॉर्ज मोरीपासून उठून आला. माझं डोकं मांडीवर घेऊन आपल्या भांड्यातलं पाणी घोटघोट पाजत राहिला. मी प्यालो, ओकलो, पुन्हा प्यालो. डॉक्टर आला तेव्हा दुपार कलली होती आणि मी जिवंत होतो.

सुटल्यावर गिरगावात एका सभेला गेलो. पागोटं घातलेले एक वकील तावातावाने बोलत होते. गोऱ्या कैद्याला पाव आणि आमच्या माणसाला वाळूची भाकर हा अन्याय आहे, तुरुंग सुधारलेच पाहिजेत. हात लाल होईपर्यंत मी टाळ्या वाजवल्या. मग ते म्हणाले, चांगल्या कुळातल्या कैद्यांना खालच्या जातींबरोबर कोंडतात, हाही अन्याय आहे. तेव्हाही सभेत टाळ्या पडल्या. माझे हात मांडीवरच राहिले.

त्यानंतर गावी आलो. आपल्या बहिणीचं, शेवंतीचं लग्न ठरत होतं. तुरुंगातून आलेल्याने पंचगव्य घ्यायचं आणि मानकऱ्यांसमोर चुकलो म्हणायचं, ही रीत मला ठाऊक होती आणि मी तयारही होतो. पण आपल्या तालुक्याच्या सुटलेल्या कैद्यांकडून जॉर्जची बातमी माझ्याआधी गावात पोचली होती. त्याच्या हातचं पाणी प्यालो हे पाप झालं, असं कबूल करायचं होतं. बाबांनी माझ्यापुढे हात जोडले. "एक चूळ घे रे. तोंडान नुसता म्हण, चुकलंय. तुजा काय जाता?"

मी म्हणालो, "मुकादमाक मारून चुकलंय, ता म्हणतंय. पाणी पिऊन चुकलंय, ता म्हणूचंय नाय."

मला घरात घेतलं असतं तर शेवंतीचं लग्न मोडलं असतं, म्हणून मी आपणहून पडवीत बसलो. आईने तिथेच वाढलं. बोट लागू नये म्हणून भात वरून सोडला आणि मागे सरली. मी तुरुंगातून सुटलो, असं मला तोवर वाटत होतं. तरी जेवलो, कारण तिने रांधलं होतं. दुसऱ्या दिवशी आगबोट धरली.

आता परळच्या चाळीत राहतो, दुसऱ्या गिरणीत जातो. खोलीत आम्ही सगळे वेगवेगळ्या गावांचे आणि जातींचे, वरळीचा एक कोळीसुद्धा आहे, आणि पाण्याचा माठ एकच. नवा आलेला माणूस पहिल्या दिवशी माठाकडे बघत अवघडून बसतो. मग तहान लागते आणि पितो. ह्याला मी घर म्हणतो, आणि म्हणताना मला माहीत असतं की मी स्वतःची समजूत घालतो आहे. आंबोळीचा वास कुठून आला तरी माझं काळीज हलतं.

आई, जॉर्ज कुठल्या समुद्रावर आहे ते मला ठाऊक नाही. तो कधी भेटेल असंही नाही. पण त्याचं पाणी मी विटाळ म्हणणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. शेवंती आता आपल्या घरी सुखात आहे, मोडायला कुणाचं लग्न उरलेलं नाही. मी पुन्हा आलो तर मला आत घेऊ नकोस, हवं तर पडवीतच वाढ. फक्त वाढून झाल्यावर मागे सरू नकोस, माझ्याजवळ बस. तू एवढं कबूल कर, समुद्र मी ओलांडतो.