दोन दश्श्या

आमच्या सुलक्षणावहिनीला पत्त्यांतला एकच खेळ ठाऊक होता, मेंढीकोट. त्यात दश्शी म्हणजे जीव की प्राण. चारही आपल्या जोडीकडे आल्या की समोरच्यांवर कोट. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या महाराष्ट्र मंडळात दर दिवाळीला ती आणि माझा पुरुषोत्तमदादा असे कोट चढवत. पान टाकण्याआधी ती एकदा दादाकडे बघायची. दादा गेला आणि तिनं पत्त्यांना हात लावणं सोडलं.

मग तिच्या लेकीनं, तनिषानं, तिला ऑनलाइन पोकर शिकवलं. त्यात जोडीदार नसतो. मला हे मुळीच पसंत नव्हतं आणि मी तसं तोंडावर सांगितलं. वहिनीनं ऐकून घेतलं, चहा ओतला आणि टॅबलेट उघडला. "एकदा तरी एकटीनं जिंकून बघायचंय, वन्सं," ती म्हणाली. मला वन्सं म्हणाली की समजायचं, हिचं ठरलं.

आधी ती रविवारच्या मोठ्या टूर्नामेंटमध्ये शिरली. हजारोंची गर्दी, टेबलावरची माणसं सारखी बदलणार, आणि हातात दश्शी आली की ही डाव सोडायला तयार नाही. दरवेळी लवकर बाहेर. शेवटी तिनं चाळीसेक लोकांची छोटी स्पर्धा धरली.

"आई, मोठी टूर्नामेंट खेळ ना. प्राइज बघ किती मोठं आहे," तनिषा म्हणाली.

"अगं, तिथे एखाद्याची खोड कळेपर्यंत तो उठून जातो. इथे तीच माणसं येतात."

तिला त्यांच्या खोडी कळल्या, तशी तिचीही त्यांना कळली. चॅटमध्ये लोक तिला 'मिसेस टेन' म्हणू लागले. तिला ते कौतुक वाटलं. "वहिनी, तुझी पानं न दाखवताच दिसतायत लोकांना," मी म्हणाले, तर माझ्याशी अबोला धरला.

परवा दुपारी मी तिच्या शेजारी बसले होते. स्पर्धेत चौघं उरली. 'ओल्ड केटल' नावानं खेळणाऱ्या गृहस्थानं आपल्या सगळ्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, पणाला लावल्या. वहिनीच्या हातात दोन दश्श्या. तिनं सवयीनं शेजारी बघितलं. तिथे मी, आणि मला पोकरमधलं ओ की ठो कळत नाही.

"ही किटली उगाच उकळत नाही," ती पुटपुटली आणि दोन्ही दश्श्या टाकून देऊन तिनं तो डाव सोडला. दुसरा एकजण मात्र भिडला. किटलीकडे राजांची जोडी निघाली आणि भिडणारा बाहेर गेला.

शेवटी उरले किटली आणि वहिनी. टेबलावर मध्ये दोघांसाठी उघडलेल्या पानांत दश्शी आली. वहिनीकडे दश्शी नव्हतीच, तरी तिनं सगळं लावलं. मिसेस टेनला घाबरून किटलीनं पानं टाकून डाव सोडला. तिथून त्याच्या चिप्स वहिनीकडे सरकत गेल्या, त्या संपेपर्यंत.

"वन्सं, कोट," ती म्हणाली. "एकटीनं."

माझे डोळे भरून आले. तिनं टॅबलेट मिटला.

"दिवाळीला मंडळात मेंढीकोटाला बसायचंय. जोडीला याल?"