दोन दिवस बिनअंघोळीचे

धाकट्या जावेने भरलेली बादली उचलली आणि मी ओरडले, "पाठीवर थेंब पडला तर हात मोडून ठेवीन!"

समोरच्या घरातली म्हातारी सकाळी गेली होती. तिला नेईपर्यंत मी तिथे बसले आणि आपल्या दाराशी परत आले. मयतीवरून आलेल्याने डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय आत जायचं नाही, हे आमच्या दिघ्याच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बायका बघायला थांबल्या.

"आक्का, आंगूळ केल्याबिगर उंबरा वलांडू नका," जाऊ म्हणाली. "आधीच हातावर कोड. आता हे बी आणताय का घरात?"

माझ्या पाठीवर, ब्लाउजच्या आत, तपासणीच्या आठ पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढायच्या होत्या. तोवर पाणी बंद.

पट्ट्या लावणारी पोरगी इस्पितळात कातडीच्या विभागात होती. डॉक्टर झाली, मग पीएच.डी. झाली, तरी मोठ्या सरांच्या हाताखाली संशोधन शिकत होती. "याला पोस्टडॉक म्हणतात, आजी." मी चौथीत शाळा सोडलेली. म्हटलं, "एवढं शिकून अजून शिकतेच आहेस, मग तुला येतंय तरी काय?" ती हसली. "बाकीचे बरं करायला शिकतात. मी कशामुळे झालं ते शोधायला शिकतेय."

मला काय झालं होतं, तर बोटांची टोकं पांढरी पडली आणि मग कपाळावर टिकलीएवढा डाग आला. मी कारखान्यातल्या कामगारांना भाकरीचे डबे देते. माझं पोट त्यावर आहे. हात पांढरे दिसायला लागले तसे डबे बंद झाले. सर म्हणाले, साधं कोड आहे. पोरगी मात्र विचारत राहिली: हाताने काय काम करता, किती वर्षं, कशाला कशाला हात लागतो. दुपारी रिकाम्या वेळात मी आणि जाऊ कार्डावर टिकल्या चिकटवायचो. घरी आणून दिलेलं काम. पोरीला त्या गोंदाचा संशय आला. माझ्या हाताला लागणाऱ्या आठ गोष्टी, त्यात तो गोंदही, एकेका पट्टीत घालून ती माझ्या पाठीवर लावून बघणार होती.

"आणि कोड असलं तरी ते कुणाला लागत नाही," ती म्हणाली.

"हे मला कशाला सांगतेस? गल्लीला सांग."

ती खरंच गल्लीत येऊन सांगून गेली. बायकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक डबा बंद झाला.

मयतीच्या वेळच्या पट्ट्या दुसऱ्या खेपेच्या; त्याआधी एकदा लावून झाल्या होत्या. दोन दिवस अंघोळ नको, असं तिने बजावलं होतं, मीही हो म्हटलं होतं. पण बिनअंघोळीचा पिठाला हात मी जन्मात लावला नव्हता. सकाळी उठले, अंघोळ केली, भाकऱ्या थापल्या. पट्ट्या निघाल्या, त्या वाळवून जखमेच्या चिकटपट्टीने परत पाठीवर लावल्या. म्हटलं कुणाला कळतंय!

सरांना कळलं. माझ्यादेखत ते तिला म्हणाले, "अशा अडाणी बायका घेऊन तू काय सिद्ध करणार? शिकलेलं कुणी शोध." तिने मान खाली घातली. मी नाही घातली. "अडाणी मी आहे, तिला कशाला बोलता? पुन्हा लावा."

"शेवटचं," सर म्हणाले.

म्हणून मी दाराशी तशी उभी होते. पट्ट्या असेपर्यंत पिठाला हात लावायचा नाही, हे ठरवूनच उरलेल्या गिऱ्हाइकांना म्हटलं होतं, दोन दिवस बाहेर खा.

"म्हातारपणी लाज सोडली," मागून एकीने टोमणा मारला.

"सोडली. तुला हवी तर घेऊन जा."

मी जावेच्या बादलीत हात बुडवला, पाय धुतले, तोंड धुतलं आणि कोरड्या पाठीने उंबरा ओलांडला. जाऊ त्या दिवशी माझ्या घरात जेवली नाही.

सकाळी पोरीने पट्ट्या काढल्या. सात जागा कोऱ्या. आठवी, गोंदाची, लाल होऊन फुगलेली. तिने मोजपट्टी लावली, फोटो काढला. दोन महिन्यांनी तीच जागा पांढरी झाली. सरांनी भिंगातून बघितलं, "हं" म्हणाले आणि तिला लिहून काढायला सांगितलं. मला काही बोलले नाहीत. मीही वाट बघितली नाही.

गल्लीत आले, बायकांसमोर पाठ उघडी केली. "बघा. आठातल्या एकाच, टिकल्यांच्या गोंदाच्या जागी कसं आलं? पत्ता विचारत आलं का?"

संध्याकाळी जाऊ आली आणि आपला अंगठा माझ्यापुढे धरला. नखाखालची कातडी पांढरी. कितीतरी दिवस ती त्यावर मेंदी लावत होती. टिकल्यांचं काम आम्ही दोघींनी त्याच दिवशी परत पाठवलं.

डबे काही परत आले, काही नाही. न आलेल्यांना बोलवायला मी गेले नाही. पोरगी शिकणं संपवून दुसऱ्या गावी नोकरीला लागली. बोटं पांढरी आहेत ती आहेतच.

त्या दिवशी दाराशी जमलेल्यांपैकी काही देवाघरी गेल्या, काही गावाला परतल्या. गल्लीत आता मी आहे आणि जाऊ आहे. भाकरी मी करते, ती खाते.