थेंब बडनेऱ्यापर्यंत

अकोल्याच्या सराफ्यात चांदीचा मुलामा देणारा एक म्हातारा बसतो. नाव मी कधी विचारलं नाही. मुलाम्याची जाडी तो तेजाबाच्या एका थेंबाने मोजतो. थर जितका जाड, तितकं खालचं पितळ उशिरा हिरवं उमटतं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो; तिथे आम्ही यासाठी स्टॉपवॉच लावायचो. हा मान तिरकी करून अमरावतीच्या एसटीचे थांबे म्हणत जातो. चोख काम असलं तर थेंब अमरावती गाठतो.

निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी दिलेला ‘चांदीचा’ पेला मी ऐटीत त्याच्यापुढे ठेवला आणि स्टॉपवॉचही काढलं. त्याने बुडाला थेंब सोडला.

“बोरगाव मंजू... कुरणखेड...”

थेंब हिरवा झाला. मूर्तिजापूरसुद्धा आलं नव्हतं.

“तुमचं घड्याळ काय म्हनते, सर?”

“तेच म्हणतंय.”

पेला धुऊन, धोतराच्या सोग्याने पुसून त्याने दोन्ही हातांनी परत दिला.

“घरी वहिनीनं इचारलं त बडनेरा सांगजा.”

“मग एक थांबा पुढे, अमरावतीच सांगतो की!”

“नाई सर. तुमच्या दोस्ताइले वहिनी बी ओयखत असतीन.”