पुंजारामची रिकामी कपाटं

...तर काल आपण पुंजारामला कोरी पानं काढताना सोडलं होतं, आणि तुम्ही विचारत होता, सरकारी बुकातली पानं काढणारा माणूस शहाणा कसा? ऐका मग.

पुंजाराम आणि मी बाळापूरकडच्या एकाच गावचे, एकाच शाळेतले. चौथीनंतर मी वखरामागं गेलो. त्याचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून तो अकोल्याच्या एका कचेरीत नकला करायला लागला. गावोगावच्या शेतांचं बुक त्या त्या चावडीत असे: वावर कोणाचं, धुरा म्हणजे बांध कुठून कुठवर. चावडीचं काही बरंवाईट झालं तर हाताशी असावी म्हणून त्याची दुसरी प्रत दरसाल अकोल्यात लिहीत. सगळीच्या सगळी! हजारातल्या वीस ओळी बदललेल्या, बाकीच्या गेल्या सालच्याच. वर प्रत्येक बुकात मागची पन्नास पानं कोरी. खोलीत बुकांचे बस्ते छताला टेकलेले, पुंजाराम आत आडवा होऊन शिरायचा.

त्यानं काय करावं? कोऱ्या पानांच्या नव्या वह्या शिवल्या आणि साहेबांना म्हणाला, "साहेब, यंदाची, एकोणीसशे पन्नास सालची, पुरी प्रत राहू द्या, आधीच्या काढून टाका. पुढं दरसाल फक्त बदललेल्या ओळी लिहू."

अहो, चौथी शिकलेलं डोकं! मी तर गावभर सांगत सुटलो. सहा-सात वर्षांत सहा कपाटं रिकामी झाली. साहेबांची वाहवा झाली. पुंजारामला मिळाली खुर्ची, तिचा एक पाय आखूड. तो खाली वीट लावून ऐटीत बसे.

सत्तावन्न साली अमरावतीहून तपासणी येणार म्हणून साहेब खोलीत आले. पन्नास सालचे बस्ते पिवळे पडलेले, कोपरे वाळवीनं खाल्लेले.

"हे काय ठेवलंय? काढा बाहेर. जाळून टाका."

"साहेब, थे मूळ हाय. वह्या त्याच्याच भरोशावर हायेत."

साहेब हसले. "पुंजाराम, तेच तेच कशाला ठेवायचं, हे तुमचंच म्हणणं ना? मग आता का अडता?"

खरं सांगतो, पुंजारामला खुर्ची सोडवत नव्हती. बस्ते त्यानंच पाठीवरून मागच्या आवारात नेले. दोन दिवस धूर निघत होता. तिसऱ्या दिवशी तपासणीवाल्यांनी मोकळी कपाटं पाहून पाठ थोपटली. साहेबांची.

मग एकसष्टचा पावसाळा. आमच्या गावची नदी चावडीत शिरली आणि बुकाचा चिखल झाला. पाणी ओसरलं, तशी शेजारच्या शेषरावानं पार्बताबाईच्या वावरात वखर घातला. धुरा मोडून विहिरीपलीकडं नेला. बाई विधवा, एकटी. पाणी त्या एकाच विहिरीचं. "बाई, कागद आणा," शेषराव म्हणाला, "मंग बोलू."

मी हसतच तिला घेऊन अकोल्याला निघालो. म्हटलं, "काकू, घाबरू नका. आपला पुंजाराम हाय ना थेथं!"

पुंजाराम विटेवरच्या खुर्चीत होता. गावाचं नाव ऐकलं अन् त्याचा चेहरा उतरला. तरी उठला. अकरा सालांच्या अकरा वह्या काढल्या, बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. शेषरावाचं नाव दोनदा निघालं. चोपन्नला त्यानं पलीकडच्या बाजूचा तुकडा घेतला होता, छप्पनला भावाशी वाटणी केली होती. त्या बाजूची लांबी-रुंदी, धुरा, सगळं सुंदर अक्षरात. अकरावी वही मिटून पुंजारामनं पहिली पुन्हा उघडली.

मी म्हटलं, "अबे, काहून पुन्हा पाहून राहिला? तुह्या अकलेची एवढी तारीफ केली म्या!"



पार्बताबाई पदराची गाठ चाळवत म्हणाली, "भाऊ, सासऱ्यापासून वावर आमच्याकडंच हाय. न इकलं, न वाटलं. कोणाची वीतभर नाई घेतली. मंग माही ओळ कुठी गेली?"

पुंजारामनं वहीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाला,

"माय, तुह्या वावरात काहीच झालं नाई, म्हणून म्या थे लिहिलं नाई, अन् जेच्यात लिहिलेलं होतं, थे म्याच जाळलं."