बिस्किटाचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीत जाळी विणणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सगळे ‘पलटणवाले’ म्हणत. पहिल्या महायुद्धात दोन वर्षांच्या बोलीवर तो पायदळात गेला होता. आवाज खणखणीत; पण देवळात गाऱ्हाण्याला, नारळ ठेवून देवाला साकडं घालताना, सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणत, तेव्हा हा ओठ मिटून उभा.

चीनच्या लढाईला वाडीतले तिघे निघाले. गाऱ्हाणं घालायला लोकांनी नारळ त्याच्याकडे दिला. त्याने तो कानाशी हलवून पाहिला आणि माझ्या हातात ठेवला.

“तू घाल रे. थंय लढाईच्या खंदकात नारळ खंयचो? बिस्किट ठेवून मी गाऱ्हाणा घातलंय. बारा जणांनी होय म्हाराजा म्हटल्यानी. परत मी एकटोच इलंय.”

“तिघांकय सुखरूप परत घराक हाड रे म्हाराजा,” मी म्हटलं.

सगळे ओरडले. त्याचेही ओठ हलले. आवाज मात्र फुटला नाही.