ताप उतरल्यानंतरचा रविवार

लातुरात मी एका शिकवणीवर्गात जीवशास्त्र शिकवायचो. डेंग्यू हा माझा हातखंडा विषय. शरीराची संरक्षणयंत्रणा विषाणूशी लढता लढता आपलंच घर कशी पेटवते, हे मी हातवारे करून सांगे. दुसऱ्यांदा वेगळ्या जातीचा डेंग्यू झाला, तर जुन्या प्रतिपिंडांना शत्रू ओळखीचा वाटतो. पण त्याला मारण्याऐवजी ती त्याला पेशींच्या आत पोचवतात. मग चिडलेल्या पेशी इतकी रसायनं सोडतात, की बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. आणि खरा धोका ताप उतरताना. हे वाक्य मी वर्गाकडून तीनदा म्हणवून घ्यायचो.

ताईची मुलगी बारावीसाठी भोकरहून आमच्याकडे राहायला आली होती. दोन वर्षांपूर्वी तिला डेंग्यू होऊन गेलेला. मला ते ठाऊक होतं. त्या पावसाळ्यात तो पुन्हा झाला. चार दिवस मी थर्मामीटर घेऊन तिच्या उशाशी बसलो. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. मी पेढे तेवढे वाटले नाहीत. त्या दिवशी रविवारची टेस्ट होती, आणि सरांची भाचीच गैरहजर हे बरं दिसलं नसतं.

"मामा, पोट दुखून राहिलंय," ती म्हणाली.

अभ्यास झाला नसला की पोट दुखतंच, असं शास्त्रीय निदान करून मी तिला स्कूटरवर बसवलं.

भूकंपानंतर पालकांचा स्लॅबवर भरवसा उरला नव्हता, म्हणून आमचा वर्ग पत्र्याखाली भरे. पोरं घामानं निथळत होती. अर्ध्या तासानं ती टेबलाला धरून माझ्यापुढे उभी राहिली. वर्गात मामा म्हणायचं नाही, असा माझाच दंडक होता.

"सर, बाराव्या प्रश्नाचं उत्तर 'ताप उतरताना' हेच ना?"

परीक्षेत उत्तर विचारायचं नसतं, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सुनावलं.

"मग नका सांगू. मला दवाखान्यात न्या, मामा."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तो गार पडला होता.

डॉक्टरांनी नाडी पाहून लगेच सलाईन लावलं. आणखी उशीर झाला असता तर, एवढं बोलून ते थांबले. पुढचं मी दरवर्षी शिकवत होतो.

ती वाचली. दुसऱ्या दिवशी ताई आली. वेळेवर आणलं म्हणून बरं झालं, हे तिनं डॉक्टरांकडून ऐकलं होतं. माझा हात धरून ती रडली.

"तुझ्यासारखा शिकलेला माणूस घरात व्हता, म्हणून लेकरू वाचलं रे."

खाटेवरून भाची माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "त्यात काय एवढं, ताई." अगदी विनयशील माणूस म्हणतो तसं.